अफू, चांदी आणि जकात: हाँगकाँग ते बीजिंग, तहांच्या वाटेने

सुरुवात हाँगकाँगहून करायची की बीजिंगहून, हे व्हिसाच ठरवतो. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला वेगळा व्हिसा लागत नाही. ऑनलाइन पूर्वनोंदणी केली की १४ दिवसांपर्यंत राहता येते. मुख्य भूमीसाठी मात्र चिनी व्हिसा हवा, आणि हाँगकाँगला जाणे म्हणजे चीनबाहेर जाणेच धरले जाते. ग्वांगझौहून हाँगकाँगला सहज चक्कर मारून परत यायचे ठरवले तर एकेरी प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो. म्हणून हाँगकाँग आधी, मग उत्तरेकडे सरकत बीजिंग. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी एकदा पाहून घ्यावेत.

आणखी दोन गोष्टी निघण्यापूर्वीच कराव्यात. अलीपे फोनवर घेऊन त्याला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडावे, कारण टपरीवरच्या चहालाही क्यूआर कोडच लागतो. आणि सिम हाँगकाँगचे किंवा रोमिंगचे घ्यावे. मुख्य भूमीच्या स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सअ‍ॅप चालत नाहीत, बाहेरच्या सिमवर चालतात. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा सोमवार शांघायच्या नदीकाठासाठी राखावा. १ ऑक्टोबरचा आठवडा आणि चिनी नववर्ष सरळ टाळावे.

असमान तह, म्हणजे अफूयुद्धांपासून परदेशी सत्तांनी चीनवर लादलेले करार, म्हटले की हाँगकाँग आणि नुकसानभरपाईची चांदी, एवढेच आठवते. पण तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या चिंग साम्राज्याला खरे जखडले ते दिसायला किरकोळ अशा तीन कलमांनी: पाच टक्क्यांवर गोठवलेली जकात, परदेशी माणसाचा खटला त्याच्याच वकिलातीत, आणि एका देशाला दिलेली सवलत आपोआप सगळ्यांना. ही कलमे कुठे राबवली गेली ते पाहत जायचे, असा या प्रवासाचा बेत आहे. वाट कालक्रमाने जात नाही, भूगोलाने जाते. सनावळी मनात जुळवत राहावी लागते.

पहिला दिवस: हाँगकाँग

मेट्रोने शेंग वान स्टेशनला उतरून पझेशन स्ट्रीट गाठावा. २६ जानेवारी १८४१ रोजी ब्रिटिश नौदलाने इथे झेंडा रोवला, म्हणजे पहिले अफूयुद्ध संपवणाऱ्या १८४२ च्या नानजिंगच्या तहाच्या दीड वर्ष आधी. आधार होता च्वेनपीच्या तात्पुरत्या कराराचा, जो लंडन आणि बीजिंग दोघांनीही पुढे फेटाळला. रस्ता आखूड, चढाचा, दोन्ही बाजूंना दुकाने. समुद्र शोधू नये. भराव घालून किनारा आता बराच उत्तरेला गेला आहे. पंधरा मिनिटे पुरतात.

मग सेंट्रलच्या धक्क्यावरून स्टार फेरीने पलीकडे जावे. मेट्रो लवकर पोहोचवते, पण बोटीतून १८४२ च्या तहात गेलेले बेट आणि १८६० च्या कराराने गेलेले कौलून समोरासमोर दिसतात. या फेरीची सुरुवात दोराबजी नवरोजी या पारशी व्यापाऱ्याच्या कंपनीने केली. मुंबईशी संबंध पुढेही जागोजागी लागतो, आणि दर वेळी तो इतका निरुपद्रवी नसतो.

पलीकडे प्रिन्स एडवर्ड स्टेशनजवळ बाउंडरी स्ट्रीट आहे. १८६० ची सरहद्द हीच. रस्त्याच्या दक्षिणेचा भाग कायमचा दिलेला, उत्तरेचा १८९८ च्या कराराने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. आज तिथे वाहनांची गर्दी आणि दोन्हीकडे सारख्याच इमारती. पण १९९७ हे साल आले ते या रेषेमुळे. भाडेपट्ट्याचा भाग वसाहतीच्या जमिनीच्या सुमारे ८६ टक्के होता. पाणी, वस्ती, कारखाने त्यावर अवलंबून. तो परत गेल्यावर उरलेला तुकडा एकटा चालवणे अशक्य होते, म्हणून १९८४ च्या संयुक्त जाहीरनाम्यात ब्रिटनने कायमचे मिळालेलेही परत केले.

दुपारी सुंग वाँग तोई स्टेशनहून कौलून वॉल्ड सिटी पार्क. १८९८ च्या करारात या छोट्या तटबंद वस्तीत चिनी अधिकारी राहतील असे कलम होते, पण सोबत एक शेपूट: हाँगकाँगच्या संरक्षणाला बाधा येत नसेल तर. वर्षभरात, १८९९ मध्ये, ब्रिटिशांनी त्याच शेपटाचा आधार घेऊन अधिकाऱ्यांना हाकलले. चीनने हक्क सोडला नाही, ब्रिटनने कारभार नीट हाती घेतला नाही, आणि त्या फटीत पुढे हाँगकाँगमधली सर्वांत दाट बेकायदा वस्ती उभी राहिली. ती १९९३-९४ मध्ये पाडली. बागेत जुने यामेन, म्हणजे अधिकाऱ्यांची कचेरी, आणि दक्षिण दरवाज्याच्या कोरीव शिळा पाहायला मिळतात. एका कलमातल्या संदिग्ध शब्दांनी काय होते याचे इतके ठोस उदाहरण दुसरीकडे सापडणार नाही, तासभर द्यावा.

दुसरा दिवस: हुमेन

वेस्ट कौलूनहून हुमेनला थांबणारी जलद गाडी पकडावी. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. दोन्ही बाजूंची इमिग्रेशन तपासणी वेस्ट कौलूनलाच होते, म्हणून तासभर आधी पोहोचावे. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर असते. स्वयंचलित फाटक आपला पासपोर्ट वाचेलच असे नाही, बाजूच्या माणूस असलेल्या रांगेत जावे.

हुमेन गावात लिन झेशू स्मारक आणि अफू नष्ट केलेल्या खड्ड्यांची जागा आहे. ही प्रक्रिया समजून घेण्यासारखी आहे. मार्च १८३९ मध्ये खास आयुक्त म्हणून आलेल्या लिनने परदेशी व्यापाऱ्यांची कोंडी करून २०,२८३ पेट्या ताब्यात घेतल्या. बंगालच्या अफूच्या पेटीत ४० गोळे, वजन सुमारे ६४ किलो. हा माल जाळला तर वितळलेला अर्क जमिनीत मुरतो आणि माती खणून दहातले दोन-तीन हिस्से परत काढता येतात, हे लिनला ठाऊक होते. म्हणून किनाऱ्यालगत तळाशी फरशी आणि बाजूंना फळ्या बसवलेले मोठे खड्डे केले. त्यांत पाणी आणि मीठ, मग गोळे फोडून टाकायचे, अर्धा दिवस भिजू द्यायचे, वरून भाजलेल्या चुनखडीचे दगड, म्हणजे कळीचा चुना. पाणी उकळू लागले की मजुरांनी फळ्यांवर उभे राहून फावड्यांनी ढवळायचे. ओहोटीला दार उघडून सगळे समुद्रात. एक खड्डा भरत असताना दुसरा धुऊन निघे. ३ जूनपासून तेवीस दिवस हे काम चालले, मजुरांची रोज झडती होई. आज दिसते ते चौकोनी तळे आहे. प्रक्रिया आतल्या दालनांत पाहावी.

माल नष्ट झाला, बिल मात्र उरले. ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियटने माल देताना व्यापाऱ्यांना ब्रिटिश सरकारच्या नावाने हमी दिली होती. खाजगी तस्करांचे नुकसान त्या क्षणी राजसत्तेचे देणे झाले, आणि तहात ६० लाख चांदीच्या डॉलरची नोंद त्यातूनच आली.

यात माळव्याचाही वाटा होता. बंगालची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीची, तर माळव्याची संस्थानी मुलखात पिकणारी. ती दमणच्या पोर्तुगीज बंदरातून निसटत होती. १८३१ पासून कंपनीने पेटीमागे परवाना शुल्क घेऊन ती मुंबईमार्गे वळवली. जमशेटजी जीजीभॉय यांचा जार्डीन-मॅथेसन पेढीशी असलेला व्यापार याच मालाचा आणि कापसाचा. जे. जे. रुग्णालयाच्या देणगीमागची संपत्ती कुठून आली, हे हुमेनला आल्यावर टाळता येत नाही.

दुपारी वेईयुआन किल्ला, हुमेन पुलाच्या थेट खाली. टॅक्सीच करावी. पर्ल नदी इथे अरुंद होते, दोन्ही काठांवर तोफा होत्या, तरी २६ फेब्रुवारी १८४१ ला हे ठाणे काही तासांत पडले आणि सेनानी ग्वान तियानपेई मारला गेला. कारण तोफांच्या खिडक्यांपाशी उभे राहिले की कळते. तोफ एका दिशेला जखडलेली. जहाज समोरून जाईल तेवढाच वेळ मारा, डावी-उजवीकडे वळवता येत नाही. शिवाय मागची बाजू उघडी. हल्लेखोर बाजूला उतरून डोंगरावरून मागून आले. त्यात नेमेसिस ही कंपनीची लोखंडी, सपाट तळाची वाफेची बोट उथळ खाड्यांत शिरायची, जिथे शिडाचे जहाज जाऊच शकत नव्हते. शेजारी सागरी युद्धाचे संग्रहालय आहे. चित्रे भडक आहेत, पण किल्ल्यांचा मोठा नकाशा कामाचा.

रात्री ग्वांगझौ. हुमेनहून ग्वांगझौ साउथ जेमतेम वीस मिनिटे.

तिसरा दिवस: ग्वांगझौ

१७५७ पासून पाश्चात्त्यांचा समुद्री व्यापार या एकाच बंदरात आणि ठरावीक चिनी व्यापाऱ्यांमार्फतच होई. त्या व्यापाऱ्यांच्या वखारी १८५६ मध्ये जळाल्या. जागेवर आता कल्चरल पार्क आहे, त्याच नावाचे मेट्रो स्टेशन आणि आत तेरा हाँगांचे, म्हणजे या व्यापारी पेढ्यांचे, संग्रहालय. निर्यातीची चिनी माती, पंखे, तैलचित्रे चांगली आहेत. तहात ही मक्तेदारी रद्द झालीच, वर या व्यापाऱ्यांची परदेशी देणी फेडायला ३० लाख डॉलर चिंग सरकारनेच भरावे असे ठरले.

तिथून चालत शामियन बेट. १८६१ नंतरची ही ब्रिटिश-फ्रेंच वसाहत: पाचातले चार हिस्से ब्रिटिशांचे, एक फ्रेंचांचा. मुख्य शहरापासून तोडण्यासाठी मुद्दाम कालवा खणलेला, त्यावर पूल. झाडी, जुन्या वकिलाती, लग्नाचे फोटो काढणारी जोडपी. देखणे आहे, पण कालव्यापलीकडच्या रस्त्यावर थांबावे. २३ जून १९२५ ला इथे मोर्चावर बेटावरून गोळीबार झाला आणि पन्नासहून अधिक माणसे मेली.

वेळ असेल तर सानयुआनली, मेट्रो लाइन २. मे १८४१ च्या अखेरीस गावकऱ्यांनी इथे ब्रिटिश तुकड्यांना घेरले. मुसळधार पावसात मद्रास नेटिव्ह इन्फंट्रीच्या ३७ व्या पलटणीची एक कंपनी चुकून मागे राहिली. त्यांच्या बंदुका गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या; दारू भिजल्यावर उडेनात. नव्या टोपीच्या बंदुका असलेल्या मरीन तुकड्यांनी रात्री जाऊन त्यांना सोडवले. चिनी पाठ्यपुस्तकांत हा मोठा विजय आहे, लष्करीदृष्ट्या ती चकमक होती. स्मारक छोटे, जुन्या देवळात. अर्ध्या तासाचे काम. संध्याकाळी विमानाने शांघाय.

चौथा दिवस: शांघाय

नानजिंग ईस्ट रोड स्टेशनहून बंडवर, म्हणजे जुन्या परदेशी इमारतींच्या नदीकाठच्या रस्त्यावर, यावे आणि वायबायदू पुलापासून दक्षिणेकडे चालावे. अंतर दीड किलोमीटर, पण नीट पाहिले तर सकाळ जाते.

पुलालगत ३३ क्रमांकाला जुनी ब्रिटिश वकिलात, १८७३ ची. वकिलात म्हणजे इथे न्यायालयही. ब्रिटिश माणसाने शांघायमध्ये चिनी माणसाला लुबाडले किंवा मारले तरी खटला ब्रिटिश कायद्याने ब्रिटिश अधिकाऱ्यापुढे. ही तरतूद नानजिंगच्या मूळ तहात नाही. ती १८४३ च्या पुरवणी नियमांत आली आणि १८४४ च्या अमेरिकी तहात तपशिलाने पक्की झाली. त्याच १८४३ च्या पुरवणी तहात, जो हुमेनला झाला, आठव्या कलमात सर्वाधिक अनुकूल राष्ट्राची तरतूद होती. तिची करामत अशी: नानजिंगच्या तहात फेरविचाराची मुदतच नव्हती, अमेरिकेच्या तहात बारा वर्षांची होती. ब्रिटनने १८५४ मध्ये म्हटले की अमेरिकेला मिळाले ते आम्हालाही, तेव्हा १८४२ अधिक बारा, आता तह बदला. चिंग दरबाराने नकार दिला. दोन वर्षांनी ॲरो नावाच्या बोटीचे निमित्त करून दुसरे अफूयुद्ध सुरू झाले.

१३ क्रमांकाची घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत म्हणजे कस्टम हाउस, १९२७ चे. बंडवरची सर्वांत महत्त्वाची वास्तू हीच, शेजारच्या बँकेच्या घुमटाला कितीही गर्दी असो. १८५३ मध्ये बंडखोरांनी जुने शहर घेतले, जकात कचेरी बंद पडली, तेव्हा परदेशी वकिलातींनी १८५४ मध्ये आपले निरीक्षक बसवले. तात्पुरती सोय कायम झाली. रॉबर्ट हार्ट १८६३ पासून १९११ पर्यंत चीनच्या सागरी जकात खात्याचा मुख्य निरीक्षक होता: नोकर चिंग सरकारचा, माणूस ब्रिटिश. खाते कार्यक्षम होते, लाचखोरी कमी होती, वसुली वाढली. अडचण दरात होती. पाच टक्के म्हणजे किमतीच्या पाच टक्के नव्हे. प्रत्येक मालाच्या वजनामागे किंवा ठाणामागे चांदीचा ठरावीक आकडा लिहिलेला, १८५८ च्या भावांवर. भाव चढले तरी आकडा तोच, आणि बदलायला सगळ्या तहकरी देशांची संमती हवी. १९०२ पर्यंत तो बदललाच नाही, त्यामुळे खरी जकात पाच टक्क्यांच्याही खाली घसरली. आपल्या नव्या गिरण्यांना संरक्षण द्यायचे म्हटले तरी चीनला दर वाढवता येत नव्हता. जकातीचे स्वातंत्र्य परत मिळायला १९२९-३० उजाडले.

दुसरी मेख देशांतर्गत वाहतुकीची. परदेशी माल अडीच टक्के जादा भरून एकच परवाना घेई आणि वाटेतले सगळे नाके पार करी. चिनी व्यापारी प्रत्येक नाक्यावर पैसे मोजत. मग चिनी व्यापारी परदेशी माणसाचे नाव भाड्याने घेऊन आपला माल काढू लागले, आणि प्रांतांची नाक्यांवरची कमाई आटत गेली.

नानजिंग रोडच्या कोपऱ्यावरचे हिरव्या छपराचे पीस हॉटेल म्हणजे व्हिक्टर ससूनचे ससून हाउस, १९२९. पणजोबा डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले. काळा घोड्याचे वाचनालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय त्यांच्या नावाचे, कुलाब्याची गोदी घराण्याच्या नावाची. १८७० नंतर जार्डीनने अफूतून अंग काढले, तेव्हा भारतातून येणाऱ्या अफूचा मोठा व्यापार ससून पेढ्यांकडे होता. तोवर तो कायदेशीरही झाला होता: नोव्हेंबर १८५८ च्या करारात अफूवर दर पिकलला ३० टेल जकात ठरली. पिकल म्हणजे सुमारे ६० किलो, टेल म्हणजे साधारण ३७ ग्रॅम चांदी.

बंडच्या दक्षिण टोकाला यान-आन रस्ता लागतो. इथे नाला होता, उत्तरेला आंतरराष्ट्रीय वसाहत, दक्षिणेला फ्रेंच. नाला बुजवून रस्ता केला. पूर्वी तो ओलांडला की पोलीस आणि कायदा दोन्ही बदलत.

पाचवा दिवस: नानजिंग

शांघायहून गाडीने सव्वा ते दीड तास. नानजिंग साउथऐवजी नानजिंग स्टेशनची गाडी घ्यावी. जिंगहाई मंदिर तिथून जवळ पडते. मंदिर सिंहगिरीच्या पायथ्याशी, यीफेंग दरवाज्याजवळ आहे. ऑगस्ट १८४२ मध्ये वाटाघाटींच्या बैठका इथे झाल्या. आजची इमारत नंतर बांधलेली. आत तहाचे संग्रहालय.

ब्रिटिश नानजिंगलाच का आले, हे नकाशावर पाहावे. २१ जुलै १८४२ ला त्यांनी झेनजियांग घेतले, जिथे यांगत्से आणि महाकालवा एकमेकांना छेदतात. दक्षिणेचे धान्य या कालव्याने बीजिंगला जाई. किनाऱ्यावरची शहरे पडली तरी दरबार हलला नव्हता. धान्याची वाट तुटल्यावर हलला.

२९ ऑगस्टला तहावर सह्या झाल्या त्या मंदिरात नव्हे, नदीत उभ्या असलेल्या कॉर्नवॉलिस या ७४ तोफांच्या जहाजावर. हे जहाज मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधले गेले आणि १८१३ मध्ये पाण्यात उतरले. सही करणारा हेन्री पॉटिंजर हा पेशवाई बुडाल्यानंतर अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, कलेक्टर होता. दख्खन, सिंध, मग यांगत्से अशी त्याची कारकीर्द. समोर चीयिंग, यिलिबू आणि न्यू जियान.

तेरा कलमे. हाँगकाँग बेट; ग्वांगझौ, शियामेन, फुझौ, निंगबो, शांघाय ही पाच बंदरे; आणि २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर. फोड अशी: अफूचे ६० लाख, व्यापाऱ्यांच्या देण्याचे ३० लाख, युद्धखर्चाचे १ कोटी २० लाख. हप्ते: लगेच ६० लाख, १८४३ मध्ये ६०, १८४४ मध्ये ५०, १८४५ मध्ये ४०, थकल्यास पाच टक्के व्याज. तोवर झौशान आणि गुलांगयू ही बेटे तारण. व्यापाराच्या कलमांत अफूचा उल्लेखच नाही. फक्त भरपाईत आहे. ज्यासाठी युद्ध झाले तो माल बंदही नाही, खुलाही नाही, आणि तस्करी आणखी सोळा वर्षे तशीच चालली.

काचेआडचा दस्तऐवज प्रतिकृती आहे. चीनकडची मूळ प्रत १९४९ नंतर तैपेईत आहे, ब्रिटनची लंडनजवळ क्यू येथील अभिलेखागारात. आवारात १९९७ ची घंटा आहे, उंची १.८४२ मीटर, आकड्यांचा हा सोस चिनी स्मारकांत सगळीकडे दिसतो. वर टेकडीवर युएजियांग मनोरा आहे, तिकीट वेगळे, पण जहाजे कुठे उभी असतील त्याचा अंदाज तिथूनच येतो.

शाकाहारी माणसाने नानजिंगमध्ये बौद्ध मंदिराजवळचे उपाहारगृह शोधावे. 'वो छी सू', मी शाकाहारी आहे, एवढे म्हणता यावे; तरीही भाजीत डुकराची चरबी किंवा शिंपल्यांचा सॉस असू शकतो, नेमके नाव घेऊन विचारावे.

सहावा दिवस: तियानजिन

गाडीत साडेतीन-चार तास जातात. दुसऱ्या अफूयुद्धातल्या तियानजिनच्या तहांपैकी ब्रिटिश आणि फ्रेंच तहांवर जून १८५८ मध्ये हायग्वांग मंदिरात सह्या झाल्या. त्या नावाचे मेट्रो स्टेशन आहे, मंदिर नाही, जाऊ नये. जेफांग बेई लू रस्त्यावरून चालावे: पूर्वीचा व्हिक्टोरिया रोड, दोन्ही बाजूंना बँका, मध्येच १८६३ चे लीशुंदे हॉटेल. या शहरात एके काळी नऊ देशांच्या वसाहती होत्या, त्यांत बेल्जियम आणि ऑस्ट्रिया-हंगेरीही. एकाला मिळाले ते सगळ्यांना, याचा अर्थ इथे पायी चालून कळतो. इटालियन भाग आता रेस्टॉरंटांचा झाला आहे, जेवणासाठी ठीक.

सातवा दिवस: दागू

सकाळी गाडीने बिनहाई, तिथून टॅक्सीने दागूच्या किल्ल्यांचे संग्रहालय. एक बुरूज शिल्लक आहे, मातीचा आणि चुन्याचा. समुद्र दिसत नाही, बंदराचे भराव आणि क्रेन दिसतात.

दागूने चीनला एक खरा विजय दिला. २५ जून १८५९ ला ब्रिटिश गनबोटी नदीमुखातल्या लोखंडी खुंट्या आणि साखळ्यांत अडकल्या, तोफांनी काही बुडवल्या; ओहोटीला उतरवलेले सैनिक गुडघाभर चिखलात रुतले. चारशेहून अधिक मृत आणि जखमी. पण बुरूज समुद्राकडे तोंड करून होते. पुढच्या वर्षी फौज उत्तरेला बेइतांगला उतरली, मागून आली आणि २१ ऑगस्ट १८६० ला उत्तरेचा किल्ला पडताच बाकीच्यांनी हत्यार टाकले. हुमेनची चूक एकोणीस वर्षांनी पुन्हा. १९०१ च्या कराराने किल्ले पाडायचे ठरले, म्हणून इतके कमी उरले आहे.

दुपारी परत तियानजिन, आणि अर्ध्या तासाच्या गाडीने बीजिंग.

आठवा दिवस: बीजिंग, वकिलातींची गल्ली

दोंगजियाओमिन श्यांग, चोंगवेनमेन स्टेशनहून. १८६० पर्यंत परदेशी राजदूताला राजधानीत राहू देणे दरबाराला अशक्य वाटे. तियानजिनच्या तहातले हेच कलम सर्वांत झोंबले होते. १९०१ नंतर या भागात चिनी माणसाला राहण्याचीच बंदी आली आणि परदेशी सैन्य पहाऱ्याला बसले. सिंह असलेला फ्रेंच वकिलातीचा दरवाजा, जुने फ्रेंच टपालघर, सेंट मायकेलचे चर्च बाहेरून दिसतात. बहुतेक आवारे सरकारी आहेत. पहारेकऱ्याचा किंवा त्याच्या दरवाज्याचा फोटो काढू नये.

बॉक्सर या परदेशीविरोधी बंडखोरांचा उठाव परदेशी फौजांनी मोडल्यावर ७ सप्टेंबर १९०१ चा बॉक्सर करार स्पॅनिश वकिलातीत झाला. स्पेनचा या लढाईत नगण्य वाटा, पण त्याचा राजदूत तिथल्या परदेशी दूतांत सर्वांत ज्येष्ठ होता. ४५ कोटी टेल, चार टक्के व्याज, ३९ वर्षे. व्याजासह ९८ कोटी टेलांवर. रशिया सुमारे २९ टक्के, जर्मनी २०, फ्रान्स पावणेसोळा, ब्रिटन सव्वाअकरा. तारण म्हणून जकात आणि मिठाचा कर. खोच अशी की देणे टेलमध्ये, पण टेलचा सोन्यातला दर करारातच लिहिलेला: एक टेल तीन शिलिंग. चांदी उतरली की तेवढ्याच शिलिंगांसाठी जास्त टेल मोजायचे. दराचा धोका पूर्ण कर्जदाराच्या माथी.

नववा दिवस: युआनमिंगयुआन आणि चिंगहुआ

युआनमिंगयुआन म्हणजे चिंग सम्राटांचा बागेतला राजवाडा. मेट्रो लाइन ४ वर बागेच्या नावाचेच स्टेशन. बागेचे आणि पाश्चात्त्य वाड्यांच्या अवशेषांचे तिकीट वेगळे, दोन्ही एकत्रच घ्यावे. अवशेष ईशान्य कोपऱ्यात आहेत, दक्षिण दारापासून बरेच चालावे लागते.

१८ सप्टेंबर १८६० ला वाटाघाटीला गेलेले ब्रिटिश-फ्रेंच पथक दरबाराने पकडले. ३९ जणांपैकी जवळपास निम्मे कैदेत मेले, त्यांत शीख घोडेस्वारही होते. राजवाडा ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच लुटला गेला होता. १८ ऑक्टोबरला लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळला. हाच एल्गिन १८६२ मध्ये भारताचा व्हाइसरॉय झाला आणि पुढच्या वर्षी धर्मशाळेत वारला. आगीनंतर आठवड्याभरात बीजिंगचे करार झाले: ब्रिटन आणि फ्रान्सला प्रत्येकी ८० लाख टेल, कौलून, तियानजिन बंदर. रशियाने नोव्हेंबरमध्ये गाजावाजा न करता उसुरीच्या पूर्वेचा मुलूख पक्का केला. १८५८ च्या ऐगुन तहासह तो सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर भरतो, हाँगकाँगच्या शेकडो पट. जमिनीच्या हिशेबाने सर्वांत मोठे नुकसान तेच, आणि ते या वाटेवर कुठेच नाही.

फोटोत दिसणाऱ्या पांढऱ्या दगडी कमानी हा बागेचा अगदी छोटा भाग, जेझुइट पाद्र्यांच्या आराखड्यावर बांधलेला. दगडी होता म्हणून उरला. बाकी शेकडो चिनी वास्तू लाकडाच्या होत्या. त्यांचे जोते आणि तळी तेवढी दिसतात. म्हणून अवशेष पाहून लगेच परत फिरू नये, पश्चिमेकडच्या रिकाम्या बेटांवरून तासभर चालावे. झेंगजुए मंदिरात २०२० मध्ये परत आलेले घोड्याचे ब्राँझ शीर आहे.

पूर्वेला लागूनच चिंगहुआ विद्यापीठ. बॉक्सर भरपाईत आपल्याला खऱ्या दाव्यापेक्षा जास्त मिळते हे अमेरिकेने मान्य केले, १९०८ मध्ये जादा रक्कम परत करायचे ठरवले, आणि त्या पैशातून अमेरिकेला विद्यार्थी पाठवण्यासाठी १९११ मध्ये इथे तयारी शाळा सुरू झाली. ती एका जुन्या राजेशाही उद्यानात आहे. आवारात जायला आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि सुट्टीच्या हंगामात ती लवकर भरते. बीजिंगचे तिकीट काढतानाच तीही करून टाकावी.